उत्क्रांतिवृक्षातील शाखा : एक अर्थविचार

१

वंशवृक्षाची आकृती आज केवळ जीवशास्त्राच्या ग्रंथांपुरती राहिलेली नाही. भाषांची कुळे मांडणारा भाषाशास्त्रज्ञ आणि एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांतून प्राचीनतम पाठाचा शोध घेणारा पाठचिकित्सक हे दोघेही तिचा आधार घेतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती ती अनेक वाटांनी येते. आकृती समोर आली की ती आपल्याला समजली असे वाटते. कारण झाड सर्वांनी पाहिलेले असते, आणि आपल्याकडे घराण्यांच्या वंशावळी जपण्याची चालही जुनी आहे. ह्या ओळखीमुळेच एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ह्या आकृतीतील रेघ म्हणजे नेमके काय? ती कशाची खूण आहे?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. उत्क्रांतिवृक्षातील शाखा ही पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या एका जीवसमूहाच्या परंपरेची खूण होय. ती दर्जाची, प्रगतीची किंवा ज्येष्ठतेची खूण नव्हे. ह्या मूळ अर्थाखेरीज तिला जो अधिक अर्थ असेल, मग तो काळाचा असो, बदलाच्या प्रमाणाचा असो की एखाद्या जनुकाच्या इतिहासाचा असो, तो आकृती काढणाऱ्याने ठरविलेला संकेत असतो. आणि तो संकेत समजून घेतल्यावाचून आकृती वाचता येत नाही.

वंशावळ आणि उत्क्रांतिवृक्ष ह्यांतील भेद प्रथम पाहिला पाहिजे. वंशावळीत नाव असते ते बिंदूच्या ठिकाणी, आणि रेघ असते ती दोन नावांमधील नात्याची. शिवाजी महाराजांच्या नावाखाली संभाजी आणि राजाराम ही नावे येतात. त्यांना जोडणारी रेघ पितापुत्रांचे नाते सांगते, तिच्यात स्वतः कोणी नांदत नाही. उत्क्रांतिवृक्षात ह्याच्या नेमके उलट असते. तेथे जीव आहेत ते रेघेत. आपसांत संकर होऊन ज्यांची प्रजा पुढे चालते अशा असंख्य जीवांचा समूह, त्याच्या हजारो-लाखो पिढ्यांसह, त्या एका रेघेने दर्शविलेला असतो. फाटा जेथे फुटतो तो बिंदू कोणा एका प्राण्याचा नसून, एका समूहाचे दोन समूह होऊन त्यांच्यातील संकर थांबला, ह्या घटनेचा असतो; आणि ही घटनाही बहुधा एका दिवसाची नसून दीर्घ काळाची असते.

दुसराही एक भेद आहे. वंशावळीत थोरली पाती आणि धाकटी पाती असते, आणि वतन, मानपान, गादी ह्यांचे सारे वाद त्या भेदावर चालतात. उत्क्रांतिवृक्षात एका फाट्यातून निघालेल्या दोन शाखा एकाच वेळी सुरू होतात. त्यांत थोरली कोणती व धाकटी कोणती हा प्रश्नच संभवत नाही. तरीही उत्क्रांतिवृक्ष वाचताना आपण नकळत थोरली पाती शोधत असतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे बहुतेक चुकांचे मूळ ह्या सवयीत आहे.

२

उत्क्रांतिवृक्षाच्या वाचनाचा विचार चार्ल्स डार्विनच्या आकृतीपासून सुरू करणे उचित होईल. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्या संपूर्ण ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती चौथ्या प्रकरणातील विवेचनासाठी जोडलेली आहे. तिच्यावर शेरे पुष्कळ झाले. पण डार्विनने तिच्या प्रत्येक रेघेचा अर्थ किती दक्षतेने सांगितला आहे, इकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

आकृतीच्या तळाशी ए पासून एल पर्यंतची अक्षरे आहेत. जे हे अक्षर वगळल्यामुळे ती अकरा होतात, आणि त्या एका मोठ्या प्रजातीतील अकरा जाती आहेत असे डार्विन सांगतो. ही अक्षरे सारख्या अंतरावर नाहीत; कारण त्या जातींचे परस्परसाम्यही सारखे नाही. आकृतीवर चौदा आडव्या रेघा आहेत, आणि दोन रेघांमधील अंतर म्हणजे हजार किंवा त्याहून अधिक पिढ्या असे प्रथम गृहीत धरले आहे. म्हणजे उभ्या दिशेला काळ आणि आडव्या दिशेला भिन्नता, असा हा संकेत आहे. ए ह्या जातीपासून चौदाव्या रेघेपर्यंत आठ जाती निष्पन्न होतात, आय पासून सहा. एफ ही जात मात्र जवळजवळ न बदलता सरळ वर जाते. बाकीच्या जाती वाटेत नष्ट होतात. अशा रीतीने मूळच्या अकरा जातींच्या जागी शेवटी पंधरा जाती उरतात.

ह्या आकृतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की तिला खोडही नाही आणि शेंडाही नाही. पंधराही वंशज एकाच आडव्या रेघेवर उभे आहेत. एफ ची संतती बदलली नाही म्हणून ती खालच्या पायरीवर राहत नाही. तिनेही तितकाच काळ काटलेला असल्यामुळे ती इतरांच्या बरोबरीने चौदाव्या रेघेलाच पोचते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढे वर्गीकरणाच्या प्रकरणात डार्विन ह्याच आकृतीकडे परत येतो, आणि तेथे तीच अक्षरे जातींची नसून सिलुरियन काळातील प्रजातींची आहेत असे वाचकाला समजावयास सांगतो. रेघा त्याच, पण त्यांचा अर्थ बदलला. काळाचे मापही हजार पिढ्यांवरून दशलक्ष पिढ्यांवर आणि भूस्तरांच्या थरांवर नेता येते, असे तो स्वतःच सुचवितो. शाखेचा आकार तिचा अर्थ सांगत नाही, अर्थ सांगतो तो संकेत, ही गोष्ट डार्विनने आपल्या कृतीनेच दाखवून दिली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र ह्याच चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस डार्विनने जीवसृष्टीला एका महावृक्षाची उपमा दिली आहे. हिरव्या डहाळ्या म्हणजे आजच्या जाती, जुन्या फांद्या म्हणजे लुप्त झालेल्या जातींची परंपरा, अशी ती कल्पना आहे. उपमा म्हणून ती समर्थ आहे यात शंका नाही. पण आकृती आणि उपमा ह्यांचा पूर्ण मेळ बसत नाही. झाडाला जाड खोड असते, त्याची एक फांदी मुख्य असते, आणि त्याचा शेंडा इतर भागांहून उंच असतो. आकृतीत नसलेल्या ह्या तीन गोष्टी उपमेबरोबर आत आल्या. उत्तरकालीन वाचकांनी आकृती बाजूला ठेवली आणि उपमा उचलली, असे पुढील इतिहासावरून दिसते.

३

उपमेचे चित्र करण्याचे श्रेय, आणि काही अंशी दोषही, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल ह्याच्याकडे जातो. १८६६ साली त्याने वनस्पती, एकपेशीय जीव आणि प्राणी ह्या सर्वांचे वंशवृक्ष रेखाटले. उत्क्रांतीचे तत्त्व प्रत्यक्ष वर्गीकरणाला लावून दाखविण्याचा तो धाडसी प्रयत्न होता, आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु १८७४ साली मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्याने जो वृक्ष काढला, तो ओकच्या झाडासारखा आहे. खोड जाडजूड, तळाशी अगदी साधे जीव, मधल्या भागात क्रमाने इतर प्राणी, आणि शेंड्यावर मानव.

ह्या चित्रातील शाखा काय दर्शविते, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे कठीण जाते. खोडाची जाडी कशाची? तेथे वास्तविक एकेक जीवसमूहच होता. तो इतर शाखांहून जाड काढण्याला मानवाकडे जाणारी वाट, एवढेच कारण आहे. उंची कशाची? काळाची म्हणावी, तर आजचे मासे, आजचे किडे आणि आजचा माणूस एकाच उंचीवर हवेत. म्हणजे उंची येथे काळाची नसून योग्यतेची आहे. डार्विनच्या आकृतीत ज्या आडव्या रेघेवर सर्व वंशज समान होते, ती रेघच हेकेलच्या झाडातून नाहीशी झाली. झाडाच्या आत शिडी लपविली गेली.

ही चूक केवळ चित्रकलेची नव्हती. १८६८ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात हेकेलने मानववंशांनाही तोच न्याय लावला. त्या ग्रंथाच्या मुखचित्रात माणसांचे आणि वानरांचे चेहरे एका उतरत्या मालिकेत मांडलेले आहेत. रेघेचा अर्थ परंपरा एवढाच ठेवला असता, तर आज जिवंत असलेला कोणताही मानवसमूह दुसऱ्या जिवंत समूहाच्या 'खाली' ठेवता आला नसता. कारण सर्वांची परंपरा सारखीच जुनी आहे. उंचीला योग्यतेचा अर्थ दिल्याबरोबर वसाहतवादी युरोपच्या अहंकाराला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. आकृतीतील एका रेघेच्या अर्थावर किती गोष्टी अवलंबून असतात, ह्याचे याहून गंभीर उदाहरण नाही.

आज हेकेलचे ते झाड कोणी प्रमाण मानीत नाही. परंतु 'आदिम', 'मागासलेला', 'खालच्या दर्जाचा प्राणी' हे शब्द पाठ्यपुस्तकांतून गेलेले नाहीत. अंडी घालतो म्हणून प्लॅटिपस हा आदिम सस्तन प्राणी, असे सर्रास लिहिले जाते. अंडी घालणे ही जुनी रीत त्याने टिकविली आहे हे खरे. पण त्याच्या चोचीतील विद्युत्संवेदना आणि नराच्या पायावरचा विषारी काटा ही नवी लक्षणे आहेत, आणि प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात हाही नंतर झालेला बदल आहे. जुने आणि नवे प्रत्येक प्राण्यात एकत्र नांदत असते. जुनेपणा हा लक्षणाचा असू शकतो, शाखेचा नव्हे. आज जिवंत असलेली प्रत्येक शाखा आजपर्यंत चालत आलेली आहे.

४

शाखेच्या अर्थाला काटेकोर रूप देण्याचे कार्य विली हेनिग ह्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने केले. त्याचा मूळ ग्रंथ १९५० साली जर्मन भाषेत निघाला, आणि १९६६ साली इंग्रजीत आल्यानंतर त्याचा प्रभाव सर्वत्र पसरला. हेनिगने नात्याची व्याख्या एका वाक्यात बसेल इतकी सोपी केली. दोन जातींचा सामाईक पूर्वज तिसऱ्या जातीशी असलेल्या त्यांच्या सामाईक पूर्वजापेक्षा अलीकडचा असेल, तर त्या दोन जाती परस्परांच्या अधिक जवळच्या. नाते साम्यावरून ठरवावयाचे नसून फाट्यावरून ठरवावयाचे.

ह्या व्याख्येचा परिणाम पुष्कळ वेळा आपल्या डोळ्यांना पटत नाही. मगर आणि घोरपड शेजारी ठेवल्या, तर त्या सख्ख्या वाटतात. पण मगरीचे जवळचे नाते घोरपडीशी नसून चिमणीशी आहे, कारण मगर आणि चिमणी ह्यांचा सामाईक पूर्वज अधिक अलीकडचा आहे. फुप्फुसाने श्वास घेणारा फुप्फुसमीन दिसावयास मासा. परंतु रोहूपेक्षा तो आपल्या अधिक जवळचा आहे. घोरपडीच्या शाखेत बाह्य रूपाचा बदल थोडा झाला आणि चिमणीच्या शाखेत फार झाला, म्हणून फाट्यांचा क्रम बदलत नाही.

आकृती पाहताना आणखी एक भ्रम होतो. शाखांची टोके ज्या क्रमाने लिहिलेली असतात, त्या क्रमालाच आपण अर्थ देतो. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, मानव अशी नावे डावीकडून उजवीकडे आली, की चिंपांझीपासून माणूस झाला असे वाचले जाते. वास्तविक प्रत्येक फाटा पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याच्या काडीप्रमाणे फिरविता येतो. मानव आणि चिंपांझी ह्यांची नावे अदलाबदल केली, किंवा त्या दोघांचा गट गोरिलाच्या डावीकडे नेला, तरी आकृतीचा अर्थ तोच राहतो. मानव आणि चिंपांझी ह्या दोन्ही शाखा सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एका समूहातून निघाल्या. तो समूह मानवांचा नव्हता, तसा चिंपांझींचाही नव्हता.

मग फाट्यांचा क्रम कशावरून ओळखावयाचा? हेनिगचे उत्तर असे की केवळ साम्य पुरेसे नाही. ते साम्य नव्याने आलेल्या लक्षणाचे असले पाहिजे. माणसाच्या हाताला पाच बोटे आहेत, पालीच्या पायालाही पाच आहेत, आणि घोड्याच्या पायाला एकच. म्हणून माणूस पालीच्या जवळचा आणि घोडा दूरचा असे ठरत नाही. कारण पाच बोटे ही ह्या तिघांच्याही पूर्वजाची ठेव आहे, आणि घोड्याच्या परंपरेने ती पुढे गमावली. उलट अंगावरचे केस आणि पिलांना दूध पाजणे ही माणूस व घोडा ह्यांच्या सामाईक परंपरेत आलेली नवी लक्षणे आहेत, आणि ती पालीत नाहीत. जुनी ठेव सर्वांकडे असू शकते. नवी मिळकत ज्यांच्याकडे सामाईक आहे, ते एका शाखेचे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा नियम ओळखीचा वाटेल. दोन हस्तलिखितांत मूळचा शुद्ध पाठ सारखा असेल, तर त्यावरून ती एकाच आदर्शावरून उतरविली असे सिद्ध होत नाही. शुद्ध पाठ कोणीही राखू शकतो. परंतु दोहोंत सारखीच अपूर्व चूक असेल, तर ती चूक एका सामाईक आदर्शातून आली असे मानावे लागते. पाऊल महास ह्याने १९२७ साली पाठचिकित्सेची जी सूत्रबद्ध मांडणी केली, तिच्यात सामाईक चुकीला हेच स्थान आहे. दोन शास्त्रे वेगवेगळ्या वाटांनी एकाच नियमापाशी आली, याचे कारण दोघांच्याही आकृतीतील रेघ प्रतिकृतीवरून प्रतिकृती होत जाण्याची परंपरा दाखविते, हे होय.

५

गेल्या सहा दशकांत प्रथिने आणि जनुके ह्यांच्या तुलनेवरून वंशवृक्ष काढण्याची पद्धत रूढ झाली, आणि शाखेच्या अर्थाचा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. फिच आणि मार्गोलियॅश ह्यांनी १९६७ साली सायटोक्रोम-सी ह्या एका प्रथिनाच्या आधारे वीस जीवांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यात शाखांवर आकडे होते, आणि ते आकडे वर्षांचे नसून त्या शाखेत घडलेल्या उत्परिवर्तनांच्या अंदाजाचे होते. येथे शाखेची लांबी हे बदलाचे माप झाले. बदलाचा वेग सर्व शाखांत सारखा नसल्यामुळे अशा आकृतीत समकालीन जीवांची टोके पुढेमागे येतात. लांब शाखेचा जीव अधिक 'पुढे गेलेला' आहे असे जो वाचतो, तो हेकेलची शिडी आडवी करून पुन्हा वापरतो, एवढेच.

म्हणून आज निदान तीन प्रकारच्या आकृत्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. काहींत शाखेची लांबी काळ दाखविते. काहींत ती बदलाचे प्रमाण दाखविते. आणि काहींत लांबीला अर्थच नसतो, केवळ फाट्यांचा क्रम सांगावयाचा असतो. तिन्ही दिसावयास सारख्याच. ज्या आकृतीखाली मापपट्टी किंवा खुलासा नाही, तिच्यातील लांबीवरून कोणतेही अनुमान काढू नये.

त्याच आकृतीत आणखीही एक धडा होता. तिच्यात कासव सापापेक्षा पक्ष्यांच्या जवळ आले, आणि वानरगण कांगारूच्याही आधी फुटून निघाला. दुसरी गोष्ट उघड चुकीची आहे. कांगारूची शाखा त्याआधीच वेगळी झालेली होती. पहिलीला मात्र अलीकडे बहुतेक जनुकीय संशोधनाने पुष्टी दिली असून कासवांचे स्थान मगरी आणि पक्षी ह्यांच्या शेजारी मानले जाते. दोन्ही निष्कर्ष एकाच प्रथिनाने दिलेले होते. तेव्हा त्या आकृतीतील शाखा वस्तुतः कांगारूची किंवा कासवाची नव्हती. ती त्यांच्या शरीरातील सायटोक्रोम-सी ची होती. जातीचा इतिहास आणि तिच्यातील एका जनुकाचा इतिहास ह्या दोन गोष्टी आहेत.

हा भेद किती खोल जातो ते २०१२ साली गोरिलाच्या संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनाने दिसून आले. मानव आणि चिंपांझी परस्परांना सर्वांत जवळचे, हा निष्कर्ष तेथेही कायम राहिला. परंतु जनुकसंचाच्या सुमारे तीस टक्के भागात मात्र गोरिला मानवाच्या किंवा चिंपांझीच्या अधिक जवळ आढळला. ह्यात विरोध नाही. जातीची शाखा म्हणजे एका दोऱ्यासारखी रेघ नसून अनेक दोऱ्यांचा जुडगा आहे. समूह दुभंगतो तेव्हा त्याच्यात एकाच जनुकाची अनेक रूपे नांदत असतात, आणि कोणते रूप कोणत्या समूहात टिकेल हे प्रत्येक जनुकाच्या बाबतीत निराळे ठरते. फाटे थोड्या काळाच्या अंतराने एकामागून एक फुटले, तर काही जनुकांचा क्रम जातींच्या क्रमाहून वेगळा पडतो. आकृतीत आपण एक रेघ ओढतो, ती ह्या सर्व धाग्यांना कवेत घेणारी बाह्यरेषा असते.

६

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गॅरेथ नेल्सन आणि नॉर्मन प्लॅटनिक ह्यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात वंशवृक्ष आणि वर्गीकरणाची शाखाकृती ह्यांत भेद केला. त्यांच्या भूमिकेचे तात्पर्य असे की शाखाकृतीतील रेघेने पूर्वज दाखविला जात नाही. अमुक लक्षणे अमुक जीवांत एकत्र आढळतात, आणि त्या लक्षणांवरून गटांत गट असे वर्गीकरण होते, इतकेच ती सांगते. रेघेला परंपरा म्हणणे हे पुराव्यापलीकडे जाणे आहे.

ह्या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याला प्रत्यक्ष दिसतात ती टोके. आतील शाखा आणि फाटे हे अनुमान असते. जीवाश्म सापडला तरी तो अमक्याचा पूर्वजच होता असे सहसा सिद्ध करता येत नाही. तो बहुधा बाजूची एक शाखा म्हणूनच मांडावा लागतो. तरीही हा आक्षेप पूर्णपणे स्वीकारता येत नाही. लक्षणे अशी गटांत गट ह्या क्रमाने का आढळावीत, ह्याचे कारण परंपरेवाचून दुसरे सांगता येत नाही. रेघेचा अर्थ परंपरा आणि रेघेचा आधार लक्षणे, असा भेद केला म्हणजे पुरे. अर्थ आणि आधार ह्यांची गल्लत न करणे, हाच ह्या वादातून घ्यावयाचा बोध होय.

अधिक अवघड प्रश्न आहे तो मिश्रणाचा. शाखा एकदा फुटली की पुन्हा जुळत नाही, असे वृक्षाच्या आकृतीत गृहीत असते. जीवाणूंत हे गृहीतक टिकत नाही. त्यांच्यात जनुके एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत आडव्या वाटेने जातात. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स ह्यांनी १९७७ साली रायबोसोममधील आरएनएच्या तुलनेवरून जीवसृष्टीचे तीन मूळ विभाग दाखविले. परंतु त्या वृक्षाची शाखा त्या एका रेणूच्या परंपरेची आहे, त्या जीवाणूतील सर्व जनुकांच्या परंपरेची नव्हे, हे फोर्ड डूलिटल ह्याने १९९९ साली ठासून मांडले. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया हे एके काळी स्वतंत्र जीवाणू होते, हे मत लिन मार्गुलिस ह्या विदुषीने १९६७ साली मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या शाखेतही एक दुसरी शाखा येऊन मिळालेली आहे. वंशावळीतील दत्तकाप्रमाणेच ही गोष्ट आहे. रेघ तशीच ओढली जाते, पण ती काय सांगते हे वेगळे लिहावे लागते.

ह्या प्रश्नाला मराठी वाचकाने अगदी जवळून पाहावे असे एक उदाहरण पुण्यातच घडले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या आदिपर्वाचे संपादन विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी १९३३ साली पूर्ण केले. त्या पर्वाच्या इंग्रजी प्रास्ताविकात त्यांनी पाठपरंपरेचा एक वंशवृक्ष दिला आहे. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन मुख्य शाखा, आणि त्यांच्या पोटात शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांनुसार पाठपरंपरा, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. येथील शाखा एका हस्तलिखिताची नाही. ती एका लिपीत चालत आलेल्या पाठपरंपरेची आहे. ज्या प्रदेशातील लिपी बाहेर फारशी कोणी वाचीत नसे, तेथील परंपरा एकमेकींपासून अलग राहिल्या, ही त्यामागील विचारसरणी होय. जीवशास्त्रात डोंगर किंवा समुद्र दोन समूहांतील संकर थांबवितो, तसे येथे लिपीने केले.

देवनागरीची गोष्ट मात्र निराळी. ती लिपी सर्वदूर वाचली जात असल्यामुळे देवनागरी हस्तलिखितांत निरनिराळ्या परंपरांचे पाठ मिसळले, हे सुखठणकरांनी स्पष्ट दाखविले. देवनागरीत लिहिलेली हस्तलिखिते म्हणून त्यांची एक शाखा बनत नाही. त्यांतील काही तर शारदा परंपरेच्या जवळची म्हणून त्यांनी वेगळी काढली. बाह्य रूप सारखे असणे आणि एका परंपरेचे असणे ह्यांतील हा भेद, मगर आणि घोरपड ह्यांच्या उदाहरणातील भेदच आहे. शुद्ध वंशवृक्षाची पद्धत महाभारताला यांत्रिकपणे लावता येणार नाही, ही जाणीव ठेवूनही त्यांनी वृक्ष टाकून दिला नाही. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा जेथे एका पाठावर मिळतात, तेथे तो पाठ प्राचीन मानावा, हे सूत्र त्यांना त्या वृक्षानेच दिले. शारदा परंपरेला त्यांनी विशेष महत्त्व दिले. पण तिला मूळ महाभारत म्हटले नाही. जुने पुष्कळ राखणारी शाखा आणि पूर्वज ह्या दोन गोष्टी त्यांनी एक होऊ दिल्या नाहीत. प्लॅटिपसला आपला पूर्वज समजणाऱ्या वाचकाने हा संयम शिकण्यासारखा आहे.

७

ह्या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. शाखेचा गाभ्याचा अर्थ परंपरा हा आहे. टोकांचा क्रम निरर्थक असतो. लांबीला अर्थ असेलच असे नाही. आणि उंचीला योग्यतेचा अर्थ कधीच नसतो. फाट्याचा बिंदू हे अनुमान आहे; तेथे आज जिवंत असलेल्या कोणत्याही जीवाचे, भाषेचे वा हस्तलिखिताचे नाव लिहिता येत नाही. शाखा कोणाची, जातीची की जनुकाची, पाठपरंपरेची की हस्तलिखिताची, हे सांगितल्यावाचून आकृती अपुरी राहते. मिश्रण जेथे मोठे आहे, तेथे वृक्ष हा इतिहासाचा एक भाग सांगतो, सर्व इतिहास सांगत नाही.

वृक्ष सोडून जाळ्याची आकृती घ्यावी, असे काही विद्वान सुचवितात. काही क्षेत्रांत ते योग्यही ठरेल. परंतु जाळ्यातील रेघेलाही अर्थ द्यावाच लागेल, आणि तो न विचारणारा वाचक तेथेही चुकेल. आकृती बदलल्याने वाचनाची जबाबदारी टळत नाही.

आपल्या प्रबंधांतून आता वंशवृक्ष वारंवार दिसू लागले आहेत, आणि संगणकाच्या साहाय्याने ते क्षणात काढता येतात. आकृती काढणे सोपे झाल्यामुळेच तिच्या खाली दोन ओळी लिहिण्याची गरज वाढली आहे : रेघ कशाची, आणि लांबी कशाची. डार्विनने आपल्या एकमेव आकृतीसाठी ह्या खुलाशाला कित्येक पृष्ठे दिली. आपल्याकडून दोन ओळींची अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.